थाळीचा भाव आणि बसायची जागा: छोटे हॉटेल काढणाऱ्यांसाठी

गिऱ्हाईक दारात उभे राहून आत नजर टाकते, तेव्हाच मनाशी एक आकडा धरते. फळा वाचलेला नसतो, मेनूकार्ड हातात आलेले नसते. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलची ताटे, काउंटरवरचा देव आणि उदबत्ती दिसली की तो आकडा एक असतो. काचेचे दार, पिवळे दिवे आणि लाकडी टेबले दिसली की दुसरा. जेवणानंतर बिल त्या आकड्याच्या जवळपास आले तर माणूस बडीशेप तोंडात टाकून निघतो आणि पुन्हा येतो. बिल फार वर गेले तर हुमण, म्हणजे माशाची कढी, कितीही चांगले झालेले असो, गाडीत बसल्यावर गोष्ट बिलाचीच निघते.

मी गोव्यात फोंड्याला जेवणाचे हॉटेल चालवते. दारू ठेवत नाही. दुपारची फिश थाळी आणि शिवराक, म्हणजे शाकाहारी, थाळी हा मुख्य धंदा. माझा भाचा आता म्हार्दोळला स्वतःचे हॉटेल काढायच्या तयारीत आहे आणि रोज नवा प्रश्न घेऊन येतो. भाव किती ठेवू? एसी बसवू का? गाणी लावू का? मी त्याला सांगते की हे सगळे मिळून एकच काम आहे. गिऱ्हाइकाच्या मनात जो आकडा तयार होतो, तो तुमच्या जागेने तयार केलेला असतो. तो आकडा आणि तुमचे बिल एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. बाकीचे सगळे त्यातूनच ठरत जाते.

रिचर्ड थेलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये या विषयावर एक उदाहरण मांडले होते, ते गोव्यातल्या माणसाला लगेच पटेल. तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर उन्हात पडला आहात. मित्र म्हणतो, थंड बिअर आणतो, जास्तीत जास्त किती पैसे द्यायला तयार आहेस? काही लोकांना सांगितले की बिअर मोठ्या हॉटेलातून येणार आहे, काहींना सांगितले की जवळच्या मोडक्या वाणसामानाच्या दुकानातून. बाटली तीच, प्यायची वाळूवरच. तरी हॉटेलसाठी लोक २.६५ डॉलर म्हणाले आणि दुकानासाठी १.५० डॉलर. कळंगुटच्या शॅकमध्ये आणि फोंड्याच्या तावेर्नात, म्हणजे गावातल्या साध्या बारमध्ये, एकाच बाटलीचे दोन भाव असतात आणि कोणी भांडत नाही, त्याचे कारण हेच. योग्य भाव कुठला हे माणसाला जागा सांगते.

म्हणून भाव ठरवण्याआधी एक आठवडा जागेच्या समोर उभे राहून बघा की कोण कधी येणार आहे.

आमच्याकडे साडेबाराला कुंडई, बेतोडा, मडकईच्या औद्योगिक वसाहतींतली माणसे येतात, शिवाय बँकेतली आणि कचेऱ्यांतली. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. त्यांना मेनूकार्ड नको असते. बसल्याबसल्या पाणी, पाच मिनिटांत ताट, भात मागितला की भात. दीडनंतर गर्दीचा चेहरा बदलतो. मंगेशी, म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा करून आलेली कुटुंबे येतात, बरीचशी महाराष्ट्रातून कुलदेवतेच्या दर्शनाला आलेली. सोबत आजी असते, पेंगुळलेले मूल असते, ओटीच्या पिशव्या असतात. त्यांना आधी हात धुवायला स्वच्छ जागा आणि स्वच्छ संडास हवा असतो, मग पंखा, मग जेवण. आणि त्यांतल्या पुष्कळांना त्या दिवशी मासळी चालत नाही.

एकाच खोलीत या दोघांना बसवायचे असेल तर दाराजवळ दोघा-दोघांची टेबले ठेवा आणि आतल्या बाजूला सहा जणांची. दाराजवळच्यांना फळा पुरतो. आतल्या टेबलांवर कार्ड द्या, कारण कुटुंबाला बसून ठरवायला आवडते. भाव मात्र दोघांना अगदी सारखा. गाडीची नंबरप्लेट बघून भाव सांगणारी ठिकाणे गोव्यात आहेत. त्यांच्यामुळे आपल्या सगळ्यांचेच नाव जाते. हे मी मनापासून सांगते, असला धंदा करू नका.

आकडेमोड

आता हिशेब. इथे घाई नको. खालचे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा एका फिश थाळीला कच्चा माल ७५ रुपयांचा लागतो. त्यात उकड्या तांदळाचा भात, हुमण, एक छोटा तळलेला बांगडा, तिसऱ्यो (शिंपल्या) किंवा किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक भाजी, सोलकढी आणि लोणचे आले. भात आणि हुमण दुसऱ्यांदा वाढणारच, तेव्हा ते आधीच धरा. गोव्यात दुसऱ्यांदा भात मागितल्यावर कपाळाला आठी घालणारे हॉटेल चालत नाही. कच्चा माल विक्रीच्या साधारण एक तृतीयांश असावा हा धंद्यातला ठोकताळा. म्हणजे थाळी २२५ रुपये आणि एका थाळीमागे हातात राहिले १५०.

भाडे, पगार, वीज, गॅस, धुणेभांडी, मोडतोड मिळून महिन्याचा खर्च समजा २,४०,००० रुपये. त्याला १५० ने भागा. महिन्याला १,६०० थाळ्या गेल्या की खर्च निघाला, त्यापुढे तुमची कमाई. २६ दिवस उघडे धरले तर रोज साधारण ६२ थाळ्या. तुमच्याकडे ३२ खुर्च्या असतील तर दुपारच्या अडीच तासांत प्रत्येक खुर्ची दोनदा भरली पाहिजे, आणि त्यानंतर जे येतील त्यांच्यावर तुमचे घर चालणार.

जागेची मांडणी इथे ठरते. २२५ च्या थाळीला पाऊण तासाच्या आत मोकळी होणारी खुर्ची लागते. त्या खोलीत गादीची खुर्ची, मंद दिवे आणि संथ गाणी ठेवली तर माणसे सव्वा तास बसतील, दारात उभे असलेले लोक बघून निघून जातील, आणि तुम्हाला वाटेल की हॉटेल तर रोज भरलेले असते, पैसा जातो कुठे? उलट तुम्हाला निवांत जागाच करायची असेल तर खुशाल करा, पण मग २२५ मध्ये ती परवडणार नाही. भाव वर न्या, आणि त्या भावाला शोभेल असे ताट, असा नॅपकीन, असे वाढणे ठेवा. दोन्ही हॉटेले चांगली. निवांत जागेला घाईच्या जागेचा भाव लावला की मात्र वर्षभरात शटर खाली येते.

लवकर मोकळी होणारी खुर्ची म्हणजे माणसाला हाकलणे नव्हे. जेवणारा हात धुऊन यायच्या आत टेबल पुसायला फडके घेऊन उभा राहणारा पोरगा मला सहन होत नाही. वेळ वाचवायचा तो आपल्या बाजूने वाचवा. ताट आधी लावून ठेवा, भाताची फेरी मागायच्या आधी फिरवा, बिल मागितल्याबरोबर द्या, क्यूआर कोड टेबलावरच ठेवा. आपल्या ढिलाईत सहज दहा मिनिटे जातात, ती आपली आपणच काढायची.

उजेड आणि आवाज

संगीताबद्दल एक जुना अभ्यास आहे. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच रेस्टॉरंटमध्ये काही दिवस संथ संगीत आणि काही दिवस जलद संगीत लावले. संथ संगीताच्या दिवशी एक टेबल सरासरी ५६ मिनिटे बसले, जलद संगीताच्या दिवशी ४५ मिनिटे. जेवणाच्या बिलात विशेष फरक पडला नाही, फरक पडला तो दारूच्या बिलात, संथ दिवशी ते बरेच वाढले. बार असलेल्या माणसासाठी ही चांगली बातमी. आमच्यासारख्यांना मात्र संथ गाण्याने खुर्ची अडते आणि गल्ल्यात काही पडत नाही. दुपारी आम्ही काहीच लावत नाही. भांड्यांचा, माणसांचा, कढईचा आवाज पुरतो. संध्याकाळी भजी आणि चहाच्या वेळी हळू आवाजात नाट्यगीते लावतो. फोंडा तालुक्यात नाटकाचे वेड घरोघरी आहे, त्यामुळे चहा संपला तरी लोक पद संपेपर्यंत बसतात. त्या वेळी खुर्च्या रिकाम्याच असतात, बसू द्या त्यांना.

स्लॅबचे छत, टाइलची जमीन आणि स्टीलची ताटे एकत्र आली की तीस माणसांचा आवाज शंभरांचा वाटतो. मग जो तो मोठ्याने बोलतो आणि आवाज आणखी चढतो. याला फार खर्च येत नाही. खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या घाला. खिडक्यांना जाड पडदे लावा, एका भिंतीवर वेताच्या चटया ठोका. उष्टी ताटे गोळा करायचे टब खोलीत ठेवू नका, ते दाराच्या पलीकडे हलवा. टीव्ही काढून टाका. व्हरांड्यावर पत्रे घातले असतील तर जूनमध्ये त्याची किंमत कळेल. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पत्र्याखाली त्या पावसात ‘मुड्दोशी’ मासा सांगितलेला ‘मोरी’ ऐकू येतो. तिथल्या टेबलांची ऑर्डर लिहूनच घ्या आणि वाचून दाखवा.

दिवे घेताना खोक्यावर दोन गोष्टी बघा. उजेडाचा रंग २७०० ते ३००० केल्व्हिन आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. स्वस्त निळसर ट्यूबखाली लाल रंग मरतो, आणि आपले हुमण म्हणजे तर लालच. तीच कढी त्या उजेडात शिळी दिसते, तळलेला मासा काळपट दिसतो. मंद दिवे मात्र मला पटत नाहीत. मासळी काट्यांची असते, ताटात काय आहे ते दिसले पाहिजे, विशेषतः मूल जेवत असेल तेव्हा. उबदार रंगाचा पण भरपूर उजेड ठेवा.

वास हा आवाजाहून मोठा प्रश्न. दर्शन करून आलेल्या आजींना मासळीच्या धुराच्या खोलीत शिवराक थाळी गळ्याखाली उतरत नाही. आम्ही शिवराक जेवणासाठी कढया, तवा, तेल आणि झारे वेगळे ठेवले आहेत आणि तसे फळ्यावर लिहिले आहे. विचारणाऱ्याला आत नेऊन दाखवतो. ही भांडी, जास्तीचे तेल आणि जास्तीचा माणूस यांचा खर्च शिवराक थाळीत धरा. भाजीची थाळी मासळीपेक्षा फार स्वस्तच असली पाहिजे असा नियम नाही. ऋषीची भाजी, आळसांद्यांचे तोणाक, अळू, नीरफणसाची कापे, खतखते असे मन लावून केलेले ताट असेल तर लोक आनंदाने पैसे देतात. सोमवार, गुरुवार, श्रावण, मार्गशीर्ष धरले तर वर्षातले कितीतरी दिवस हीच थाळी हॉटेल चालवते.

मासळीचा भाव

थाळीचा भाव बांधून ठेवा, थाळीतला मासा मोकळा ठेवा. नुस्तेकान्नीकडचा, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईकडचा, भाव रोज बदलतो. त्याप्रमाणे थाळीचा भाव रोज बदलला तर रोजचा माणूस बावचळतो. त्याऐवजी आज बांगडा, उद्या तारले, परवा लेपो, जे ताजे आणि रास्त मिळेल ते ताटात. फळ्यावर ‘आजचा मासा’ एवढे लिहा.

१ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा इस्वण (सुरमई) आणि पापलेटच्या मागे लागून भाव चढवण्यापेक्षा ताटच पावसाळी करा. आपल्याकडे पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी सुके-खारे साठवून ठेवायची, रीत आहेच. सुक्या सुंगटांचे (कोळंबीचे) किसमूर, खारा बांगडा, बिकणां (फणसाच्या आठळ्या) घातलेली भाजी, टाकळा, नदीतली शेवटी नावाची मासळी मिळाली तर तीही. पर्यटकांनाही हे ताट आवडते, फक्त त्यांना समजावून वाढायला माणूस हवा. बर्फातला जुना मासा ताजा म्हणून वाढलात तर फोंड्यातला माणूस पहिल्या घासाला ओळखतो.

खरा घोळ होतो तो थाळीबाहेरच्या तळलेल्या मासळीत. गोव्यातल्या कितीतरी मेनूकार्डांवर पापलेट, चणाक, लॉबस्टर यांच्यापुढे भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेले असते. सांगलीहून आलेल्या माझ्या नणंदेच्या कुटुंबाला किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी याचा फटका बसला. वाळूवर प्लास्टिकच्या खुर्च्या, मेणकापड, हाताने लिहिलेला फळा, म्हणजे जागेने आकडा छोटाच सांगितला होता. वाढप्याने “मोठा आणू का?” विचारले, भावोजी “आण” म्हणाले. बिल आल्यावर दोघांचे चेहरे उतरले. मासा ताजा होता, मोठाही होता, कदाचित भावही बाजाराप्रमाणे बरोबर असेल. पण तो तव्यावर जायच्या आधी आकडा कोणी उच्चारला नव्हता. ती सुट्टी त्यांच्या आठवणीत त्या बिलाने राहिली, आणि गोव्याची म्हणून मला त्याची फार लाज वाटली.

यावर उपाय अगदी साधा आहे. सकाळी मासळी साफ झाल्यावर मोठे मासे एकेक वजन करा, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये प्रत्येकाला काडी टोचून तिच्यावर रुपयांत भाव लावा. गिऱ्हाइकासमोर ट्रे आणा. त्याने बोट दाखवले की वाढप्याने भाव मोठ्याने म्हणायचा, मसाला रवा-फ्राय की तव्यावरचा तेवढे विचारायचे आणि मगच आत जायचे. गिऱ्हाईक स्वतः यजमान असेल आणि चार जणांसमोर भाव विचारायला संकोचत असेल, तर काडीवरचा आकडा त्याचा संकोच सांभाळतो. आमच्याकडे हे सुरू असल्यापासून मोठा मासा मागणारे कमी झाले नाहीत.

२००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एका रेस्टॉरंटमध्ये बघितले की मेनूवर चलनाचे चिन्ह न लिहिता नुसता आकडा लिहिला तर लोक जास्त खर्च करतात. पुष्कळ नवी कॅफे तसेच करतात. रोजच्या जेवणाच्या हॉटेलात मी हे करणार नाही. जो माणूस उद्याही यायला हवा, त्याला पैसे विसरायला लावून काय मिळवायचे? ‘रु. २४०’ असे मोठ्या अक्षरांत लिहा, लांबून वाचता येईल असे. २३९ सुद्धा नको.

बिल

२४० हा आकडा कुठून आला? २२५ वर कर धरून आणि थोडा वर गोल करून. नोव्हेंबर २०१७ पासून एसी असो वा नसो, साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के आहे, आणि त्यावर आपण खरेदीत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. २२८.५७ रुपयांवर ११.४३ कर, मिळून २४०. बिलात दोन्ही वेगळे छापा, पण फळ्यावर शेवटचा आकडाच असू दे. वर सांगितलेल्या उदाहरणात वर्षाची विक्री २० लाखांच्या पुष्कळ वर जाते, म्हणजे नोंदणी लागतेच. दीड कोटीच्या आत असाल तर ठरावीक दराने कर भरायची कंपोझिशन योजना घेता येते, पण त्यात कर आपल्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, नंबर हवा. सेवाशुल्क आपोआप लावू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी बंदी घातली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला रेस्टॉरंटना मुभा आहे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला. तरी आमच्यासारख्या हॉटेलात घेऊ नका. बसल्याबरोबर गाळलेल्या पाण्याचा जग टेबलावर ठेवा आणि बाटली मागेल त्यालाच छापील भावात द्या. न विचारता फोडलेली बाटली आणि न मागितलेले पापड, यांनी बिल वाढते तेवढे वाढते, पण लोक बिल वाचायला लागतात. विश्वास असलेला माणूस बिल वाचत नाही.

एसी खोली करायची असेल तर तिच्या दारावरच लिहा, ‘आत प्रत्येक थाळीमागे रु. ३० जास्त’. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको. आणि ते ३० रुपये फक्त विजेचे समजू नका. उन्हातून आलेली माणसे गारव्यात जास्त वेळ बसतात, त्या अडलेल्या खुर्चीचे ते पैसे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आजीला आत बसवायचे की बाहेर, हे कुटुंबाने दारातच ठरवले की वाद उरत नाही.

भाव वाढवायची वेळ येतेच. वर्षातून एकदाच वाढवा, थोडाथोडा चोरून नको, आणि माशाचा तुकडा लहान करून तर मुळीच नको. आम्ही १ ऑक्टोबर धरतो. चवथ (गणेशचतुर्थी) झालेली असते, मासळी पुन्हा यायला लागलेली असते आणि बाहेरचा हंगाम सुरू व्हायचा असतो, त्यामुळे पर्यटक आले म्हणून भाव वाढवला असे गावातल्या माणसाला वाटत नाही. पंधरा दिवस आधी काउंटरवर चिठी लावा आणि रोजच्या माणसांना तोंडाने सांगा. त्याच दिवसांत भिंतींना रंग द्या, तडा गेलेल्या वाट्या बदला, डगमगणारी टेबले सुताराकडून नीट करून घ्या. नवा आकडा नव्या रंगाबरोबर आला की डोळ्यांना पटतो. ठरलेल्या सकाळी बाहेरचा फळा, आतले कार्ड, बिलाचे मशीन आणि इंटरनेटवरचा मेनूचा फोटो, चारही एकदम बदला. तरीही कोणी मोबाईलवर जुना फोटो दाखवत आला तर त्याला त्या दिवशी जुन्याच भावात वाढा, आणि उठताना नवा भाव सांगा.